हेल्मेटचा पट्टा: सुटणारा हवा की धरून ठेवणारा?

वाचकाचं पत्र

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. आम्ही कळव्याला राहतो. सहा महिन्यांपूर्वी तो ऐरोलीतल्या एका कंत्राटदाराकडे दोरावरच्या कामाला लागला. काचेच्या इमारती बाहेरून धुणं, काचांच्या फटीत सीलंट भरणं, कधी जाहिरातीच्या पेटीतले दिवे बदलणं असं काम असतं. महिन्यातले दोन रविवार तो ठाण्यातल्या मित्रांबरोबर सुळके चढायला जातो. कामावर त्याला पिवळं हेल्मेट दिलंय, त्याचा पट्टा म्हणजे नुसतं इलॅस्टिक. तेही तो लावत नाही. पट्टा लावला तर गळ्याला फास लागतो, असं बरोबरची मुलं सांगतात म्हणे. डोंगरावर जे हाताला लागेल ते घालतो.

येत्या भाऊबीजेला त्याला न सांगता चांगलं हेल्मेट द्यायचं मी ठरवलंय. दुकानदार म्हणाला, आयएसआय मार्क आहे, डोळे झाकून घ्या. भावाचा एक मित्र परदेशातून आणलेलं, पाच वर्षं वापरलेलं हेल्मेट अर्ध्या किमतीत देतोय. भाऊ म्हणतो, बाईकचं आहे की, नवीन कशाला? कामावर आणि डोंगरावर, दोन्हीकडे चालेल असं एकच हेल्मेट मिळतं का? माझ्या पगारात दोन घेणं जमणार नाही.

— एक ताई, कळवा

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण मी सुरुवात करतो ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टीपासून. पट्ट्याने फास लागतो, हे त्या मुलांचं म्हणणं. त्यासाठी भावावर चिडू नका. ती भीती खोटी नाही. ती जमिनीवरच्या कामातली भीती आहे आणि पोरं ती तशीच दोरावर घेऊन गेलीत. कोणतं हेल्मेट घ्यायचं हे पुष्कळसं याच मुद्द्यावर ठरतं, म्हणून तो आधी.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात तीस वर्षं काढली. तेव्हाची एक दुपार अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आमचा एक फिटर पाइपांच्या मांडणीवर, जमिनीपासून आठ-नऊ मीटर उंच, फ्लँज सोडवत होता. पाय घसरला. कमरेला पट्टा होता, तो वरच्या गर्डरला बांधलेला होता, त्यामुळे माणूस खाली आला नाही. पण बांधलेली जागा डोक्याच्या बरोबर वर नव्हती, चार हात बाजूला होती. तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलला आणि शेजारच्या खांबावर आदळला. खाली उभ्या असलेल्या आम्हाला आधी ऐकू आला तो हेल्मेट जमिनीवर पडल्याचा आवाज, आणि मग खांबाचा. हेल्मेट चांगलं होतं. मार्क होता, तडा नव्हता, जेमतेम वर्षभर जुनं होतं. हनुवटीखाली पट्टा मात्र बांधलेला नव्हता. तो वाचला, पण त्याच्या उजव्या कानाला त्या दिवसानंतर नीट ऐकू आलं नाही.

पडताना माणूस सरळ खांबासारखा पडत नाही. अंग फिरतं, मान झटकली जाते, दोर ताणला की आणखी एक हिसका बसतो. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्या हिसक्यालाच निसटतं आणि खरा मार बसतो तो दुसऱ्या हिसक्याला किंवा झोक्याच्या शेवटी, भिंतीवर. भावाच्या त्या इलॅस्टिकचं काम वाऱ्याने हेल्मेट उडू नये, खाली वाकल्यावर पडू नये, एवढंच आहे.

मग फास लागण्याचं काय? कारखान्याच्या जमिनीवर माणूस उभा असतो, आजूबाजूला क्रेनचा हुक फिरतो, कन्व्हेयर चालतो, कुठे सळई बाहेर आलेली असते. हेल्मेट अशा कशात अडकलं आणि पट्टा सुटला नाही, तर हेल्मेटबरोबर मानही ओढली जाते. म्हणून युरोपातल्या औद्योगिक हेल्मेटांच्या मानकाने, ईएन ३९७ने, पट्ट्याला एक अट घातली आहे. १५० ते २५० न्यूटन ओढ बसली, म्हणजे साधारण १५ ते २५ किलोचा भार आला, की पट्ट्याची पकड सुटलीच पाहिजे. तो मुद्दाम तसा केलेला असतो. गिर्यारोहकांच्या हेल्मेटांचं मानक वेगळं आहे, ईएन १२४९२. त्यात बरोबर उलट मागणी आहे: ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोची ओढ बसली तरी पट्टा सुटता कामा नये आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ताणताही कामा नये.

एकाला सुटणारा पट्टा हवा, दुसऱ्याला धरून ठेवणारा. यात कुठलं हेल्मेट चांगलं आणि कुठलं वाईट असा भाग नाही. शरीराचं वजन कोण पेलतंय, ते बघायचं. भाऊ दोरावर असतो तेव्हा त्याचं वजन हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेला पट्ट्यांचा साज, पेलतो. हेल्मेट कुठे अडकलं तरी तो गळ्यातल्या पट्ट्याला लटकणार नाही, हार्नेसलाच लटकेल. तिथे पट्टा पक्काच हवा. तोच भाऊ खाली येऊन हार्नेस काढून ट्रकमधून सामान उतरवायला लागला, मशीनपाशी गेला, की त्याला धरणारं काही नसतं. तिथे पट्टा सुटणारा हवा. लहान मुलांच्या बाबतीत हीच गोष्ट युरोपात इतकी गंभीरपणे घेतली गेली, की त्यांच्या हेल्मेटांसाठी ईएन १०८० असं वेगळं मानक केलं. सायकलवरून उतरलेलं मूल हेल्मेट न काढता घसरगुंडीच्या जिन्यावर चढतं, फटीत डोकं अडकतं, पाय सुटतात. त्या पट्ट्याचं बक्कल ओढ बसली की आपोआप उघडतं. तुमच्या भावाचे सोबती जी भीती सांगतात ती हीच. हे त्याला असं समजावून सांगितलंत तर तो ऐकेल असं मला वाटतं. ‘काळजी घे रे’ म्हणून फारसं कोणी ऐकत नाही.

आता मार कुठून येतो ते. साधं औद्योगिक हेल्मेट मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूसाठी बनवलेलं असतं. ईएन ३९७च्या चाचणीत ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाळूवर सोडतात आणि आतल्या नकली डोक्यापर्यंत ५ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ५०० किलोच्या भारापेक्षा, जास्त बल पोचू नये अशी अट असते. गिर्यारोहणाच्या हेल्मेटवर तेच ५ किलो टाळूवर २ मीटरवरून सोडतात, शिवाय पुढून, बाजूंनी आणि मागूनही अर्ध्या मीटरवरून मारून बघतात. तिथे मर्यादा १० किलोन्यूटनची आहे. म्हणजे डोंगरचं हेल्मेट दुप्पट जोराचा मार घेतं, पण डोक्यापर्यंत बलही जास्त पोचू देतं. दोन्ही आपापल्या कामाला. तुमच्या भावाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत त्या बाजूंवरच्या चाचण्या, कारण झोका बसला की काच, ॲल्युमिनियमची चौकट किंवा कातळ समोरून नाहीतर बाजूने येतो, टाळूवर येत नाही.

त्या ५ किलो आणि १ मीटरचा हिशेब मी नव्या कामगारांना फळ्यावर मांडून दाखवायचो, तुम्हालाही दाखवतो. ५ किलो गुणिले १ मीटर. अर्धा किलोचा पाना १० मीटरवरून पडला तर तेवढीच ऊर्जा होते. १० मीटर म्हणजे तीन मजले. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून निसटलेला पाना खालच्या माणसाच्या हेल्मेटची पूर्ण परीक्षा घेतो. घोडबंदर रोडवर आता वीस मजली इमारत बुटकी वाटते. तिथून, ६० मीटरवरून, तोच पाना सहापट जोराने येतो, आणि ते झेलण्यासाठी हेल्मेट बनवलेलंच नाही. म्हणून भावाच्या पट्ट्यावरचं प्रत्येक हत्यार, काच पुसायचा वायपर आणि सीलंटची बंदूकसुद्धा, दोरीने त्याच्या अंगाला किंवा बादलीला बांधलेलं असलं पाहिजे. आणि खालची जागा पट्टी लावून बंद केलेली असली पाहिजे. हे त्याच्या हेल्मेटाएवढंच महत्त्वाचं आहे. खाली उभ्या असलेल्या वॉचमनच्या डोक्यावर तर काहीच नसतं.

डोंगरावर वरून येतो तो दगड. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. मधल्या टप्प्यांवर माती, गवत आणि सुटे दगड साठलेले असतात. पहिला चढणारा पाय ठेवतो तेव्हा दगड सुटतो, त्याहून जास्त वेळा त्याच्या मागे घासत जाणारा दोर दगड सोडवतो, आणि माहुलीसारख्या ठिकाणी वरून वानरांची टोळी पळाली की तीही. लिंबाएवढा दगड ३० मीटरवरून खाली येईपर्यंत ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. म्हणून डोंगरावर हेल्मेटची गरज मला चढणाऱ्याइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, खाली उभं राहून बिले देणाऱ्याला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याला, वाटते. त्याला जागा सोडून पळता येत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो. आणि बहुतेक मुलं हेल्मेट काढतात ती नेमकी तिथेच, सुळक्याच्या पायथ्याशी डबा खायला बसल्यावर. भावाला सांगा, ‘दगड!’ अशी हाक आली की वर बघायचं नाही. कातळाला चिकटायचं, खांदे आत घ्यायचे, हेल्मेटला काम करू द्यायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: दोन्हीकडे एकच चालेल का? त्याचं काम दोरावरचं असल्यामुळे, चालेल. कारखान्यात जमिनीवरचं काम असतं तर मी नाही म्हणालो असतो. दोरावरचं काम आणि सुळका चढणं यांत डोक्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही: हार्नेस, दोर, झोका, वरून पडणारी वस्तू, समोर भिंत. दोन्हीकडे धरून ठेवणारा पट्टा हवा.

पण डोंगराचं कुठलंही हेल्मेट आणलं आणि कामावर पाठवलं, असं करू नका. गिर्यारोहणाच्या दुकानांत हल्ली अगदी हलकी हेल्मेटं मिळतात, जवळजवळ सगळी फोमची, वर पातळ पापुद्रा. सुळक्यावर दिवसभर घालायला ती सुखाची. रोजच्या कामाला ती टिकत नाहीत. टेम्पोत बादल्यांखाली दबली, कोणी त्यावर बसलं, दोरांच्या पोत्यात कोंबली, की फोमला खोक पडते आणि ती पापुद्र्याखाली दिसतही नाही. त्याच्यासाठी जाड एबीएस प्लॅस्टिकचं कवच, आत पट्ट्यांची जाळी किंवा फोमचा थर, मागे चक्र फिरवून घट्ट करायची सोय आणि चार ठिकाणी जोडलेला पट्टा असलेलं हेल्मेट बघा. दुकानात ‘वर्क ॲट हाइट’चं हेल्मेट म्हणून मागा. डोंगरावर ते थोडं जड वाटेल. वाटू दे. पहाटेच्या अंधारातल्या चालीसाठी हेडलँपच्या पट्ट्याला क्लिप आहेत का तेही बघून घ्या, दोन्हीकडे उपयोगी पडतात.

काही हेल्मेटांना दुहेरी पट्टा असतो. बक्कल एका जागी लावलं तर तो सुटणारा होतो, दुसऱ्या जागी लावलं तर धरून ठेवणारा. पेट्झल या फ्रेंच कंपनीच्या व्हर्टेक्स आणि स्ट्रॅटो या हेल्मेटांना असा पट्टा आहे. ती महाग आहेत आणि तुम्ही तीच घ्या असं माझं म्हणणं नाही. भाऊ जमिनीवरही बराच वेळ काम करत असेल आणि पैसे पुरत असतील, तर मात्र ही सोय पैसे वसूल करणारी आहे. नसेल तर सोपा नियम आहे: हार्नेस उतरवला की डोंगरी पट्ट्याचं हेल्मेटही उतरवायचं, आणि जमिनीवर कंत्राटदाराचं पिवळं घालायचं. ते पिवळं त्या कामाला योग्यच आहे.

जाहिरातीच्या पेटीतल्या दिव्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मला त्यावर थांबावंसं वाटतं. वारा लागावा म्हणून हेल्मेटला भोकं असतात. नवी मुंबईत ऑक्टोबरच्या उन्हात काचेसमोर लटकणाऱ्या माणसाला ती किती हवीशी वाटतात ते मला ठाऊक आहे. पण भोकं असलेलं हेल्मेट विजेपासून वाचवत नाही. भोकं सरकत्या झाकणाने बंद होत असली तरी नाही. विजेच्या कामाला भोकं नसलेलं कवच लागतं, आणि ते विद्युतरोधक आहे असं त्यावर लिहिलेलं लागतं. ईएन ३९७च्या हेल्मेटांवर कधी ‘४४० व्होल्ट’ अशी खूण असते, ती चुकून क्षणभर तारेला स्पर्श झाला तर त्यासाठी. ईएन ५०३६५ हे मानक त्याहून पुढचं, १००० व्होल्ट एसीपर्यंतच्या कामाचं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी हे काम त्याच्याकडून काढून घ्यायला लावलं असतं. दिवे बदलणं हे परवानाधारक वायरमनचं काम, तेही पुरवठा बंद करून, तपासून. काच धुणाऱ्या पोराने ओल्या हातांनी करायचं हे काम नव्हे. तो ते करणार नसेल तर भोकांचं हेल्मेट बिनधास्त घ्या, डोंगरावरही सुख. पण ‘कधीतरी करावंच लागतं’ असं उत्तर आलं, तर बिनभोकांचं घ्या आणि घामाची तयारी ठेवा. सुळक्यांचा मोसम तसाही दिवाळीनंतरचा, थंडीतला. एक बारकावा लक्षात ठेवा. बिनभोकांच्या हेल्मेटवर गिर्यारोहणाचं संपूर्ण मानक सहसा छापलेलं नसतं, कारण त्या मानकात हवा खेळण्याची अटही आहे. अशा वेळी सोबतच्या माहितीपत्रकात पट्ट्याची ताकद ५०० न्यूटन किंवा ५० किलो आहे का तेवढं वाचा.

दुकानदाराने दाखवलेल्या आयएसआय मार्काबद्दल. मार्क असणं चांगलंच आहे, पण नुसता मार्क म्हणजे काहीच कळलं नाही. त्याच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो, तो वाचायचा. आयएस ४१५१ असेल तर ते दुचाकीचं हेल्मेट. आयएस २९२५ असेल तर औद्योगिक. मार्काच्या खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे, चालू आहे की नाही, ते दुकानातच उभ्या उभ्या दिसतं. हे जरूर करा, नकली मार्क रंगवायला काही लागत नाही. आयएस २९२५ असलेलं हेल्मेट खरं निघालं तरी तुमचा शोध तिथे संपत नाही. पट्टा कसला आहे हा प्रश्न उरतोच. हनुवटीच्या पट्ट्याबद्दल दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

बाईकच्या हेल्मेटचं उत्तर छोटं आहे: नाही. ते एका मोठ्या धडकेसाठी बनवलेलं असतं, जड असतं आणि कान झाकतं. दोरावर साथीदाराची हाक ऐकू आली नाही तर काय होतं, हे भाऊ तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. शिवाय मान वर करून दोर बघायचा तर मागची कड पाठीवर टेकते.

मित्राचं जुनं हेल्मेट घेऊ नका. फुकट दिलं तरी घेऊ नका. मित्र खोटं बोलतोय असं नाही, त्यालाही सगळं आठवत नसेल. फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, तो एका जोराच्या मारासाठीच असतो. कवचाचं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, आणि पाच वर्षांत ते कितीदा गाडीच्या काचेखाली तापत पडलं होतं ते कोण सांगणार? नवं घेतानाही आत बघा. बहुतेक हेल्मेटांच्या कवचावर आतल्या बाजूला घड्याळासारखी गोल खूण असते. मधे वर्ष, भोवती बारा महिने, आणि बाण निर्मितीच्या महिन्याकडे. आपल्याकडे दुकानांत माल वर्षानुवर्षं पडून असतो. वापरायची मुदत माहितीपत्रकात दिलेली असते, ती याच तारखेशी ताडून बघा. चार वर्षांपूर्वीचा माल नवीन म्हणून पूर्ण भावात घेऊ नका.

रंग फिका घ्या, पांढरा किंवा पिवळा. उन्हात कमी तापतो, आणि दुसरं कारण मधमाश्या. कर्नाळ्याच्या सुळक्यावरची मोहोळं या भागातल्या प्रत्येक चढणाऱ्याला माहीत आहेत. आग्या मोहोळ उंच इमारतींच्या सज्ज्यांखालीही लागतं, म्हणजे भावाची त्यांच्याशी गाठ दोन्हीकडे आहे. माश्या गडद रंगावर जास्त चालून येतात.

आता भाऊबीज. त्याला न सांगता देण्याची तुमची हौस मला समजते, तरीही तसं करू नका. हेल्मेट हे शर्टासारखं अंदाजाने आणायची वस्तू नाही. त्याला दुकानात घेऊन जा. पट्टा न लावता मागचं चक्र घट्ट करायला सांगा आणि खाली वाकून डोकं हलवायला सांगा. हेल्मेट जागेवर राहिलं पाहिजे, कपाळावर वळ न उठता. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, आडवी. मागे कललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि पुढे कललेलं नजर अडवतं. बाजूच्या दोन पट्ट्या कानाच्या खाली एकत्र यायला हव्यात, कानावरून जायला नकोत. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी जागा. मग पट्टा लावून, मागच्या कडेला तळवा लावून हेल्मेट पुढे ढकलायला सांगा. डोळ्यांवर आलं तर ते त्याच्या मापाचं नाही. पट्टा लावल्यावर त्याला जांभई देता आली पाहिजे, बोलता आलं पाहिजे, मान पूर्ण वर करता आली पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो पट्टा सोडेल, आणि मग तुमचे पैसे आणि माझी ही सगळी अक्षरं वाया.

तो हेल्मेटखाली उन्हाची टोपी घालत असेल तर ती टोपी घालूनच माप बघा, आणि टोपीच्या टाळूवर बटण असेल तर ती टोपी बाद. मार बसला तर ते बटण आधी रुतेल. केस वाढवून वर बांधले असतील तर मानेवर खाली बांधायला सांगा. पट्ट्यांची जाळी असलेल्या हेल्मेटमध्ये कवच आणि डोकं यांच्यामध्ये इंचभर पोकळी असते. मार पचवायला तीच जागा असते. पोरं तिथे रुमाल, मोबाइल, तंबाखूची पुडी ठेवतात. ती जागा रिकामीच राहिली पाहिजे.

निगा राखायला फार काही लागत नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. थिनर, पेट्रोल, ऑइल पेंट लागता कामा नये. साइटवर नाव रंगवायची पद्धत आहे, ती मोडा. त्यातली रसायनं प्लॅस्टिक आतून खातात आणि वरून काही कळत नाही. पावसाळ्यात आतली घामाची पट्टी काढून धुतली नाही तर तिचा वास येतो, आणि वासाला कंटाळूनही माणूस हेल्मेट घालायचं सोडतो. जोराचा मार बसला, उंचावरून पडलं, की बाहेरून कितीही धड दिसलं तरी बदलायचं.

पैशाचं बोलतो. कामावरचं हेल्मेट मालकाने द्यायचं असतं, पगारातून न कापता. आणि दोरावरच्या कामाला दोरावरचं हेल्मेट, जमिनीवरचं नव्हे. भावाला एकट्याने मागायला अवघड जाईल, सहा महिन्यांचीच नोकरी आहे. त्याच्याबरोबर दोरावर उतरणारी जी चार-सहा मुलं असतील त्यांनी मिळून मागावं, आणि लेखी मागावं. एवढं एक वाक्य पुरे: ‘आम्ही दोरावर काम करतो, आम्हाला ५० किलोची ओढ सहन करणारा हनुवटीचा पट्टा असलेली हेल्मेटं द्यावीत.’ अनेक कंत्राटदारांना हा फरकच माहीत नसतो, आणि ज्या कंपनीची इमारत आहे तिच्या सुरक्षा अधिकाऱ्याला तो माहीत असतो. कागदाची एक प्रत त्याच्याकडे गेली की गोष्टी हलतात, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलेलं आहे. कंत्राटदाराने दिलं तर तुमच्या पैशातून डोंगरासाठी हलकं, हवेशीर, ईएन १२४९२चं हेल्मेट येईल आणि त्याच्याकडे दोन होतील.

पण त्या कागदाच्या उत्तराची वाट बघत बसू नका, आणि भाऊबीजेचीही नाही. उद्या सकाळीही तो ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडणार आहे आणि इलॅस्टिकचं हेल्मेट घालून दोरावर उतरणार आहे. हा रविवार सुळक्याचा नसेल तर याच रविवारी त्याला घेऊन दुकानात जा. भाऊबीजेला ओवाळाल तेव्हा ते त्याच्याकडे असेलच. तोपर्यंतच्या दिवसांत दोरावर उतरताना कोणाचं तरी चार बंधांच्या पट्ट्याचं, मार न बसलेलं हेल्मेट मागून घ्यायला सांगा. डोंगरावरच्या मित्रांकडे असेल. आणि दोर बांधायची जागा डोक्याच्या बरोबर वर आहे ना, तेवढं उतरायच्या आधी रोज एकदा मान वर करून बघायला सांगा.